बांधकाम साहित्याच्या कंपनीला कॉलेजात बोलावताय? या चुका टाळा

आर्किटेक्चर कॉलेजांत दर सत्राला सिमेंटची, ब्लॉकची, टाइल्सची नाहीतर वॉटरप्रूफिंगची एखादी कंपनी येते. सामंजस्य करार होतो, पुष्पगुच्छ दिले जातात, फोटो निघतो. वर्षभराने मुलांना विचारलं तर ब्रँडचं नाव आठवतं, पण ते साहित्य भिजलं, तापलं, वाळलं की कसं वागतं हे कोणालाच सांगता येत नाही. कंपनी तिचं काम करून गेलेली असते. कॉलेजचं काम मात्र राहून जातं.

व्याख्यानाला विक्री विभागाचा माणूस बोलावणं

'53 ग्रेडचं सिमेंट म्हणजे सगळ्यात मजबूत' हे अशाच व्याख्यानांतून मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं. प्रमाणित वाळू घालून केलेल्या मसाल्याच्या घनाची 28 दिवसांनंतरची दाबशक्ती किमान 53 मेगापास्कल, एवढंच तो आकडा सांगतो. काँक्रीटची ताकद पाणी आणि सिमेंटचं प्रमाण, खडी, व्हायब्रेटर नीट फिरला की नाही आणि पुढे किती दिवस पाणी मारलं यावर ठरते. गिलाव्याला तर 53 ग्रेडची गरजच नसते. फ्लाय अ‍ॅश (औष्णिक वीज केंद्रातली राख) असलेलं पीपीसी सिमेंट तिथे बरं. मी आमंत्रण देतानाच सांगते की क्वालिटी कंट्रोलमधला किंवा साइटवरच्या तक्रारी निस्तरणारा इंजिनिअर पाठवा. मुलांचा पहिला प्रश्नही ठरलेला असतो: हे साहित्य कुठे वापरू नये?

प्रात्यक्षिक कंपनीच्या मिस्त्रींवर सोडणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. एका कॉलेजात परीक्षक म्हणून गेले होते. आवारात एएसी ब्लॉकची, म्हणजे आत हवेची बारीक छिद्रं असलेल्या हलक्या ब्लॉकची, नमुना भिंत उभी होती. ब्लॉक आणि जोडाचा तयार मसाला, दोन्ही कंपनीने फुकट दिलेलं. आदल्या रात्री कॉलेजच्या गवंड्याने लाल विटा भिजवतात तसे ब्लॉक हौदात टाकले होते. त्याचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सकाळी कंपनीची टोळी आली. तिला संध्याकाळी दुसरीकडे जायचं होतं, म्हणून ओलेच ब्लॉक भराभर रचले आणि लगोलग गिलावाही उरकला. मुलं मोबाइलवर व्हिडिओ काढत होती. थापी एकाच्याही हातात नव्हती.

मी पाहिली तेव्हा गिलाव्यावर जोडांच्या रेषेत पायऱ्यापायऱ्यांनी उतरलेल्या भेगा होत्या, आणि आरसीसी कॉलमला भिंत भिडते तिथे वरपासून खालपर्यंत सरळ चीर. मुलांच्या मते ब्लॉक खराब, कंपनीच्या मते गिलावा खराब. खरं तर पाणी प्यायलेला ब्लॉक वाळताना आकसतो. तो पुरता वाळायच्या आत गिलावा चढवला की ताण गिलाव्यावर येतो. कॉलमच्या जोडावर जाळीही मारलेली नव्हती. कॉलेज ती भिंत पाडायला निघालं होतं. मी हट्टाने थांबवलं, कारण आवारात शिकण्यासारखं तेवढंच एक होतं.

माझ्याकडे कंपनीचा मिस्त्री फक्त उभा राहून सांगतो, हात मुलांचे. 600 × 200 × 100 मिलिमीटरचा कोरडा ब्लॉक साधारण 7 किलोचा. तो आधी काट्यावर ठेवायचा, मग रात्रभर भिजवून पुन्हा ठेवायचा. अर्धी भिंत भिजवलेल्या ब्लॉकची, अर्धी नुसता पृष्ठभाग ओलसर केलेल्या ब्लॉकची. मग दोन्हींवर महिनोन्‌महिने नजर ठेवायची. एका दिवसात प्रमाणपत्र हवं असलेल्या मुलांना हे रटाळ वाटतं. वाटू दे. भेगा एका दिवसात पडत नाहीत.

बाकीच्या चुका

फॅक्टरी भेट लॅबमध्ये सुरू करा, जिथे घन फोडतात. जेवण आणि भेटवस्तू शेवटी.

मटेरियल लायब्ररीत तारीख, दर आणि चाचणी अहवाल नसलेला नमुना घेऊ नका. लोणा लागलेली वीट आणि गंजून फुगलेली सळईही तिथेच ठेवा.

स्पर्धेत 'आमचंच उत्पादन वापरा' अशी अट असेल तर प्रायोजकत्व नाकारा.

नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या, मूल्यांकनाच्या तोंडावर धडाधड करार करू नका. तरुण सहकाऱ्यांना याची फार घाई असते, आणि ते करार फायलीतच राहतात.

फक्त मोठ्या कंपन्यांच्या मागे लागणं ही आणखी एक चूक. कोकणातली जांभ्याची खाण हाही उद्योगच आहे. चिरा, म्हणजे जांभ्याचा ठोकळा, खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि उघड्यावर राहून कडक होतो. ताजा चिरा आणि वर्षभर बाहेर पडलेला चिरा, दोन्हींवर छिन्नी मारून बघितली की मुलांना हे पुन्हा सांगावं लागत नाही. खाणमालकाला कराराचा कागद नको असतो, म्हणून कॉलेजं तिकडे फिरकत नाहीत. फोन करून वेळ ठरवा, शिरस्त्याप्रमाणे पैसे द्या आणि मुलांना घेऊन जा.

करार करायचाच असेल, तर त्यात एक कलम घालून घ्या: चाचणीचा निकाल कंपनीच्या विरोधात गेला तरी मुलं तो आपल्या अहवालात नावानिशी देतील. या कलमावर सही होईपर्यंत फुकटचे ब्लॉकही गाडीतून उतरवून घेऊ नका.