क्रूझची बॅग भरताना: सिंगापूर, पेनांग, फुकेत

क्रूझला जाताना बॅग तीनदा आपल्या हातातून सुटते. एकदा मुंबईच्या विमानतळावर, दुसऱ्यांदा जहाजावर चढण्याआधी बंदरावर, आणि तिसऱ्यांदा उतरण्याच्या आदल्या रात्री, केबिनच्या दाराबाहेर. दर वेळी ती काही तास आपल्याजवळ नसते, आणि बीपीची गोळी किंवा चष्मा नेमका तेव्हाच लागतो. म्हणून मी यादी उलटी करते. बॅग जवळ नसताना काय काय लागेल ते आधी लिहून काढते आणि ते सगळं खांद्यावरच्या पिशवीत टाकते. मोठ्या बॅगेत मग फक्त कपडे उरतात, आणि कपडे कमी करणं अवघड नसतं.

आम्ही सांगलीचे. महालक्ष्मीने मुंबई, तिथून टॅक्सी, विमान, सिंगापूरचं हॉटेल, मग जहाज. ते मलेशियातलं पेनांग आणि थायलंडमधलं फुकेत करून परत सिंगापूरला येतं. सासूबाई ऐंशीच्या घरात आहेत आणि ह्यांचा गुडघा दुखतो, त्यामुळे चढउतार करताना बॅगा मीच उचलते. आमच्या घरातला नियम असा की भरलेली बॅग एका हाताने रेल्वेच्या बाकाखाली सारता आली पाहिजे. सासूबाईंना वेगळी बॅग नाही, त्यांचे कपडे आमच्या दोघांच्या बॅगांत वाटून जातात. त्यांच्या हातात फक्त काठी.

आता प्रवासाची आखणी. मुंबईहून रात्री निघून सकाळी सिंगापूरला उतरायचं आणि त्याच दुपारी जहाज गाठायचं, हा बेत स्वस्त दिसतो. तो करू नका. जहाज सुटण्याच्या तासभर आधीच, कधी त्याहूनही आधी, चेक-इन बंद होतं आणि उशिरा आलेल्या विमानासाठी जहाज थांबत नाही. एक दिवस आधी पोहोचा, रात्र हॉटेलमध्ये काढा. चांगी विमानतळापासून मरिना बे क्रूझ सेंटरला टॅक्सीने साधारण अर्धा तास लागतो. मेट्रोने जायचं तर मरिना साउथ पिअर हे जवळचं स्टेशन, पण बॅगा आणि म्हातारं माणूस बरोबर असेल तर टॅक्सीच बरी. जहाज कुठल्या टर्मिनलवरून सुटतं ते मात्र तिकिटावर नीट वाचा, कारण हार्बरफ्रंटचं टर्मिनल वेगळं आहे.

महिना निवडताना डिसेंबर ते मार्च बघा. मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचे दिवस, तेव्हा फुकेतच्या बाजूचा समुद्र खवळलेला असतो. एरवी हा मार्ग बराचसा मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातो. एका बाजूला सुमात्रा, दुसऱ्या बाजूला मलेशिया, त्यामुळे पाणी बहुधा शांत. तरी ज्यांना गाडी लागते त्यांनी बोट लागणार असं धरूनच तयारी करावी: केबिन जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्यावी, आलेपाक किंवा सुंठीच्या गोळ्या जवळ ठेवाव्यात, आणि गोळी घ्यायचीच असेल तर ती डॉक्टरांना विचारून.

कागदपत्रांत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना, हे बघणं. जहाज सिंगापूर सोडून परत सिंगापूरलाच येतं, म्हणजे तुम्ही त्या देशात दोनदा प्रवेश करता. एजंटला हे स्पष्ट सांगा आणि हातात आलेल्या व्हिसावर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूरच्या प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म, तोही दोनदा भरावा लागतो, विमानाने उतरण्याआधी एकदा आणि जहाजाने परतण्याआधी एकदा. तो पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचा आणि त्याला पैसे पडत नाहीत. पैसे मागणारी साइट सरकारी नाही, ती बंद करा. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने हवी. मलेशिया आणि थायलंडच्या नियमांत सारखे बदल होत असतात, म्हणून बुकिंग करताना एकदा आणि निघण्याच्या पंधरा दिवस आधी पुन्हा एकदा तपासा.

यापुढचा भाग आपल्याकडच्या बायकांनी विशेष लक्ष देऊन वाचावा. सिंगापूरला जाताना खसखस नेऊ नका. तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. नुसती पुडी घरी ठेवून भागत नाही, अनारसे आणि खसखस घातलेले लाडूसुद्धा घरीच ठेवायचे. तंबाखूची पुडी, मिश्री, गुटखा चालत नाही. च्युइंगगम नाही, ई-सिगारेट तर अजिबात नाही. झोपेच्या काही गोळ्या आणि कोडीनयुक्त खोकल्याचं औषध न्यायला तिथल्या आरोग्य विभागाची परवानगी आधी लागते. घरातलं कोणी अल्प्राझोलॅम घेत असेल तर निदान तीन आठवडे आधी अर्ज करा. बाकीची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. आठवड्याच्या डबीत गोळ्या सुट्या करून नेऊ नका.

जहाजावर आणखी बंधनं असतात. इस्त्री, किटली, पाणी तापवायची कॉइल, मेणबत्ती, उदबत्ती, निरांजन हे सगळं तपासणीत काढून घेतात. समुद्रात आग लागली तर पळायला जागा नसते, म्हणून याबाबत ते कोणाचंही ऐकत नाहीत आणि ते योग्यच आहे. सासूबाई बाळकृष्ण बरोबर घेतात. त्याला केबिनच्या टेबलावर हातरुमालाची घडी अंथरून ठेवतो, नैवेद्याला खडीसाखर. दिवा नाही. त्यांना मी हे घरीच समजावून सांगितलं होतं. बंदरावरच्या रांगेत ते ऐकायला लागलं असतं तर त्यांना फार लागलं असतं.

घरचं शिजवलेलं खाणंही बहुतेक जहाजांवर नेता येत नाही. कारखान्यात सीलबंद केलेलं पाकीट चालतं, म्हणून आम्ही भडंगाची दोन पाकिटं नेतो, न फोडलेली. शाकाहारी जेवणाची चिंता नको, या मार्गावर भारतीय प्रवासी भरपूर असतात. जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच लिहून द्या.

कपड्यांचा हिशेब चार रात्रींच्या जहाजासाठी आणि एका रात्रीच्या हॉटेलसाठी. मी तीन कुर्ते, दोन पॅन्ट आणि एक क्रेपची साडी नेते. साडी औपचारिक जेवणाच्या रात्रीसाठी. क्रेप चुरगळत नाही आणि घडी तळहाताएवढी होते, तर रेशमी साडीला इस्त्री लागते आणि ती जहाजावर हाताशी नसते. ह्यांना दोन पॅन्ट, तीन शर्ट. एक शाल किंवा स्वेटर हवाच, कारण बाहेर कितीही उकाडा असला तरी नाट्यगृहात एसीने हुडहुडी भरते. पोहण्याच्या तलावात सुती कपड्यांनी उतरू देत नाहीत, नायलॉनचा पोशाख लागतो. वजनदार बूट पायात घालून निघायचं, चपला बॅगेत. टॉवेल, साबण, शाम्पू केबिनमध्ये असतात. आतले कपडे रात्री बेसिनमध्ये धुवायचे, कोरड्या टॉवेलात गुंडाळून पिळायचे आणि लोहचुंबकाच्या हुकांना टांगायचे. केबिनच्या भिंती लोखंडी असल्याने हुक घट्ट बसतात. असे चार हुक सोबत असले की दोन दिवसांचे कपडे वाचतात. केबिन लहान असते, रिकामी बॅग पलंगाखाली जाते आणि मगच पाय टाकायला जागा होते. फार जाड, कडक बॅग तिथे सरकत नाही.

बंदरावर बॅगेला जहाजाचं लेबल लावून ती सोपवली की संध्याकाळपर्यंत केबिनच्या दाराशी येते. तोवर तुम्ही जेवता, फिरता, सुरक्षिततेची कवायत करता. या मधल्या वेळेसाठी खांद्यावरच्या पिशवीत पासपोर्ट, व्हिसाची छापील प्रत, औषधं, चष्मा, चार्जर, पॉवर बँक आणि एक पातळ कुर्ता. पोहायचं असेल तर तो पोशाखही. पॉवर बँक विमानातही मोठ्या बॅगेत टाकता येत नाही, त्यामुळे तिची जागा हीच.

पेनांगला धक्का शहराला लागूनच आहे. स्वेटनहॅम पिअरवरून चालत निघालं की थोड्याच वेळात जॉर्जटाउनचा जुना भाग आणि लिटल इंडिया येतं. २००८ साली युनेस्कोने हे शहर जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. इथे जहाजाची महागडी सहल घ्यायची गरज नाही. फुकेतला मात्र मोठी जहाजं बरेचदा किनाऱ्यापासून लांब नांगर टाकतात आणि छोट्या बोटीतून उतरावं लागतं. ती बोट हलत असते आणि पाऊल नेमकं टाकावं लागतं. सासूबाईंना आम्ही तिथे उतरवत नाही. त्या वरच्या डेकवर सावलीत बसतात, आमच्यापैकी एकजण त्यांच्याजवळ थांबतो.

फुकेतचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे असतं. मोबाइल किनाऱ्यावर आपोआप तिथली वेळ दाखवू लागतो, पण जहाज बहुधा स्वतःच्या वेळेनेच चालतं. तासभर हाताशी आहे असं वाटून माणूस बाजारात रेंगाळतो आणि जहाज निघून जातं. म्हणून मनगटी घड्याळ घाला. मी सासऱ्यांचं चावीचं एचएमटी घालते आणि चढल्या दिवशी ते जहाजाच्या घड्याळाशी जुळवते. ‘ऑल अबोर्ड’ची, म्हणजे सगळ्यांनी जहाजावर परतायची वेळ रोजच्या पत्रकावर छापलेली असते, ती तळहातावर लिहून उतरा. मोबाइल समुद्रात फ्लाइट मोडवरच ठेवा, जहाजाच्या नेटवर्कने कॉल लागला की बिल भयंकर येतं.

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. त्याआधी दुसऱ्या दिवशीचे कपडे, चप्पल, दात घासायचा ब्रश आणि सकाळच्या गोळ्या बाजूला काढा. कितीतरी लोक सगळं बॅगेत कोंबतात आणि सकाळी नाइट गाऊनवर नाश्त्याला येतात. बॅग अगदी हलकी असेल तर ती बाहेर ठेवूच नका, स्वतः ओढत उतरा. बहुतेक जहाजांवर अशांना लवकर सोडतात. झोपण्याआधी खात्यावरचं बिल टीव्हीवर किंवा ॲपवर पाहून घ्या. रोजची टिप त्यात आपोआप लागलेली असते. काही चुकलं असेल तर रात्रीच काउंटरवर जा, सकाळी तिथे लांबलचक रांग असते. परतीचं विमान दुपारी दोनच्या आधीचं घेऊ नका.