पावसाळ्यानंतर होडीचं ओबीएम (मागे लावायचं आउटबोर्ड मशीन) पहिल्यांदा चालू करताना

गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, म्हणजे ६१ दिवस मशीन मांगरात पडून असतं आणि मग १ ऑगस्टला सगळ्यांनाच घाई. दोरी ओढ, होईल चालू, असं सांगणारे धक्क्यावर पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकू नका.

जुनं पेट्रोल सगळं काढून टाका, कार्बुरेटरच्या वाटीतलंसुद्धा, कारण हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असतं आणि ते पावसाळी हवेतला ओलावा ओढून घेतं. नवीन पेट्रोलात टू-स्ट्रोक ऑइल मशीनच्या पुस्तकातल्या मापानेच घाला (५०:१ असेल तर लिटरला २० मिली). प्लग नवे टाका, पण ते पहिल्या स्टार्टच्या अगदी आधी लावा. गियरचं ऑइल दुधासारखं पांढरट निघालं तर सीलमधून पाणी शिरलंय, आधी सील बदला.

आता इंपेलर, म्हणजे मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातला रबरी पंखा. त्यासाठी मशीनचा खालचा पाय, म्हणजे गियर आणि पंपाचा भाग, बोल्ट काढून उतरवावा लागतो. दोन महिने एकाच जागी दबून त्याच्या पात्या वाकलेल्याच राहतात, त्यात शापोरा नदीच्या तोंडावरची रेती गेलेली असली तर कडा खाल्लेल्या दिसतात. अजून चालेल म्हणून जुनाच ठेवू नका. नवीन बसवताना खालची छोटी चावी ग्रीसने चिकटवा नाहीतर ती पडते आणि कळतही नाही, आणि पंपाचं झाकण दाबताना शाफ्ट घड्याळाच्या दिशेनेच फिरवा. उलटा एकदाही नाही.

खरी अडचण खालचा पाय परत वर चढवताना येते. वरून येणारी पाण्याची नळी पंपाच्या रबरी सीलमध्ये गेली की नाही ते बाहेरून दिसत नाही. पहिल्या वर्षी माझी नळी सीलच्या बाजूला उतरली, मी बोल्ट आवळले, मशीन एका ओढीत चालू झालं, मागून थंड करणाऱ्या पाण्याची धार येत नव्हती तरी येईल थोड्या वेळाने म्हणून निघालो आणि मोरजीच्या किनाऱ्यासमोर ते तापून जाम झालं, मग ओहोटीच्या ओढीत वल्ही मारत मागे आलो. म्हणून सांगतो, बोटाने नळी सरळ धरा, तोंडाला किंचित ग्रीस, दुसऱ्या माणसाला वरून फ्लायव्हील (मशीनच्या माथ्यावरचं चाक) घड्याळाच्या दिशेने अगदी थोडं फिरवायला लावा, शाफ्टचे दाते जुळले की पाय आपोआप वर सरकतो. बोटभर फट राहिली तर बोल्टने ओढून मिटवू नका, खाली उतरवा आणि परत बघा. शाफ्टच्या माथ्यावर ग्रीस नको, फक्त दात्यांच्या बाजूंना, नाहीतर वर ग्रीस दाबलं जाऊन शाफ्ट पुरता बसत नाही. गियरची सळी जोडा.

पहिला स्टार्ट कोरडा कधीच नाही, दहा सेकंदसुद्धा नाही, रबर जळतं. मागचा मोठा पंखा (प्रोपेलर) काढा, पिंपात गोडं पाणी भरा, प्रोपेलरच्या वरच्या आडव्या पत्र्याच्या वर चार बोटं तरी पाणी हवं, आणि न्यूट्रलमध्ये ओढा. अर्ध्या मिनिटात मागून धार आली नाही तर बंद करून पाय पुन्हा उतरवा. आली तर पाच-सात मिनिटं हळू चालवा, धारेखाली हात धरा, पाणी कोमट लागलं पाहिजे, चटका बसायला नको. मगच प्रोपेलर लावा आणि मशीन होडीवर चढवून क्लॅम्प आवळा.