आठ मार्चचा हॉल सोडा, अकरा मार्च धरा

फेब्रुवारी लागला की वाचनालयाच्या कमिटीत एकच विषय निघतो, यंदा महिला दिनाला काय करायचं? आणि ठरतं तेच. एका कर्तबगार बाईंचा सत्कार, शाल-श्रीफळ, आरोग्यावर व्याख्यान, शेवटी समोसा आणि ग्रुप फोटो. मी ठाण्यातल्या एका जुन्या वाचनालयात देवघेवीच्या खिडकीवर बसते, त्यामुळे माझा हिशेब जरा वेगळा आहे. दुसऱ्या दिवशी नोंदवही उघडून बघते, कालच्या कार्यक्रमामुळे एखादं तरी पुस्तक कुणी घरी नेलं का? सत्कारातून सहसा जात नाही. खुर्च्या भरतात, कपाटं मात्र बंदच. वाचनालयाने कार्यक्रम ठेवला तर त्याचं फळ देवघेवीत दिसायला हवं, असं माझं मत आहे. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिते आहे. छोट्या वाचनालयाला, सोसायटीतल्या भिशीच्या ग्रुपलासुद्धा जमण्यासारखं आहे.

आधी तारीख. आठ मार्चला बँकेपासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांचेच कार्यक्रम असतात. हॉल मिळत नाही, वक्त्या मिळत नाहीत आणि बायकांना एका संध्याकाळी तीन आमंत्रणं असतात. तुम्ही अकरा मार्च घ्या. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई जोशी यांना फिलाडेल्फियात डॉक्टरकीची पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. बरोबर तीन वर्षांनी, ११ मार्च १८८९ रोजी, याच रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन ही विधवा आणि मुलींसाठीची निवासी शाळा सुरू केली. तिथल्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक तरुण विधवा होती. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालं तेही १८९३ मध्येच, १ जूनला. आपल्या गावात ग्रंथालय उभं राहत होतं त्या वर्षी विधवेने लग्न करणं म्हणजे बहिष्कार ओढवून घेणं होतं, हे श्रोत्यांना सांगा. काळ किती मागचा आणि किती जवळचा, ते व्याख्यानाशिवाय कळतं.

या एका तारखेतून तीन पुस्तकं टेबलावर येतात. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं आनंदीबाई जोशींचं चरित्र, रमाबाईंचं अमेरिकेचं प्रवासवृत्त आणि आनंदीबाई कर्व्यांचं ‘माझे पुराण’. आनंदीबाई जोशींचं बालपण कल्याणचं. म्हणजे लोकलने आपल्यापासून अर्ध्या तासाच्या आत-बाहेर. शाळेतल्या मुलींना सांगायला हे फार उपयोगी पडतं. कल्याणची यमुना (हे त्यांचं माहेरचं नाव) म्हटलं की मुली मान वर करून बघतात. लोक आधी आनंदीबाईंवरची कादंबरी मागतात. जरूर द्या, पण सोबत चरित्रही हातात ठेवा आणि स्वच्छ सांगा की कादंबरीतले संवाद लेखकाचे असतात.

टेबल मात्र अकराला मांडू नका, २६ फेब्रुवारीलाच मांडा. आनंदीबाई जोशी १८८७ साली त्याच दिवशी गेल्या, पदवीला वर्ष पुरं व्हायच्या आत. शिवाय दुसऱ्या दिवशी मराठी भाषा गौरव दिन, त्यामुळे लोक येतातच. टेबल कुठे, हे महत्त्वाचं. आतल्या दालनात फुलं लावून मांडलेलं प्रदर्शन बघायला उद्घाटक सोडून कुणी जात नाही. ते खिडकीशी मांडा, जिथे माणसं पुस्तक बदलायला रांगेत उभी असतात आणि हात रिकामे असतात. दुसरं छोटं टेबल वाचनकक्षात, वर्तमानपत्रांच्या स्टँडजवळ. सकाळी पेपर वाचायला येणारे काका हे आपले सगळ्यात नियमित वाचक आणि त्यांना ‘बायकांची पुस्तकं’ हा प्रकार आपला वाटत नाही. वर ‘महिला विशेष’ अशी पाटी लावलीत तर ते हमखास वळसा घालून जातील. नुसतं ‘आत्मचरित्रं’ लिहा. एका काकांनी उभ्या उभ्या ‘स्मृतिचित्रे’ उघडलं आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांच्या सोवळ्याचं वर्णन वाचून इतके हसले की बाकीच्यांनी पेपर खाली केले. पुस्तक त्यांनी त्याच दिवशी नेलं.

प्रत्येक पुस्तकात एक चिठ्ठी घाला. छापील नको, हाताने लिहिलेली. तीवर तीनच गोष्टी: बाई कोण, पुस्तक कधीचं, आणि कुठून वाचायला सुरुवात करावी. तिसरी गोष्ट सगळ्यात कामाची. जुनी पुस्तकं प्रस्तावनेत अडकतात. चाळीस पानांच्या विद्वत्तेनंतर वाचक दमतो आणि पुस्तक तसंच परत येतं. म्हणून ‘प्रस्तावना शेवटी वाचा, आधी पान अमुक’ असं लिहून टाका. पान तुमच्याच प्रतीचं बघून लिहा, आवृत्तीगणिक आकडे बदलतात. आमच्याकडच्या एका जुन्या आत्मचरित्राचं बाइंडिंग दोनदा झालंय. बाइंडरने कडा इतक्या कापल्या आहेत की आतल्या बाजूची अक्षरं शिवणीत गेली आहेत आणि तारखांच्या चिठ्ठीवर जांभळे शिक्के एकावर एक चढलेत. अशी प्रत प्रदर्शनात झकास दिसते, पण घरी वाचायला देऊ नका. वाचायची प्रत वेगळी घ्या. सावित्रीबाई फुल्यांचं समग्र वाङ्मय महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढलेलं आहे. सरकारी प्रकाशनं स्वस्त असतात, चर्नी रोडच्या शासकीय ग्रंथागारात एक चक्कर मारा.

आता वाचनाचा कार्यक्रम. बाहेरून वक्ता बोलवायचा मोह टाळा. रविवार असेल तर मेगाब्लॉक, आणि दादरहून निघालेले पाहुणे मुलुंडला अडकलेले, हे आपण किती वेळा बघायचं? वाचणाऱ्या आपल्याच सभासद असू देत. वेळ ठरवताना कोण यायला हवं आहे ते आधी ठरवा. गृहिणींना दुपारी साडेतीन ते पाच सोयीचं, मुलं क्लासला गेलेली असतात. नोकरी करणाऱ्यांना रविवारी सकाळी साडेदहा. दोघींना एकदम गाठायला गेलात तर दोघीही यायच्या नाहीत. मार्चमध्ये दहावीची परीक्षा असते, तेव्हा त्या मुलींच्या आयांना आमंत्रण द्या पण आग्रह करू नका.

एका बैठकीला एकच पुस्तक आणि सहा-सात पानं. एवढंच. पहिल्यांदा करताय तर माझं मत ताराबाई शिंदेंच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ला. बुलढाण्याच्या या बाईने १८८२ मध्ये ते लिहिलं. निमित्त होतं सुरतेच्या विजयालक्ष्मीचं. या तरुण विधवेला मूल मारल्याच्या आरोपावरून आधी फाशी सुनावली गेली, मग ती शिक्षा कमी झाली, आणि वर्तमानपत्रांनी तेवढ्यावरून समस्त बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतलं. ताराबाईंनी त्याला उत्तर दिलं. बायकांवर जे जे दोष लादता ते पुरुषांत नाहीत काय, असा त्यांचा थेट मुद्दा. नंतर हे पुस्तक लोकांच्या नजरेआड गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा संपादित करून काढलं, म्हणजे ९३ वर्षांनी.

ते मोठ्याने वाचणं सोपं नाही. वाक्यं लांबलचक, विरामचिन्हं आजच्या सवयीची नाहीत. झेरॉक्सवर पेन्सिलीने श्वासाच्या जागा खुणा करून घ्या आणि आदल्या दिवशी घरी दोनदा मोठ्याने वाचा. वाचणाऱ्या दोघी ठेवा, परिच्छेदाला आवाज बदला. आणि कृपा करून वक्तृत्व स्पर्धेचा सूर लावू नका. ताराबाई चिडलेल्या आहेत आणि टोमणे मारताहेत. नळावरच्या भांडणाच्या ठसक्यात वाचलं की मागच्या रांगेत खसखस पिकते. तीच तुमची पावती.

झेरॉक्सबद्दल एक नियम लक्षात ठेवा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. ताराबाई, रमाबाई रानडे, १९३६ साली गेलेल्या लक्ष्मीबाई टिळक यांची मूळ पानं निर्धास्त वाटा, नव्या आवृत्तीतल्या प्रस्तावना आणि टिपा मात्र सोडून. बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ किंवा ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ यांची झेरॉक्स करू नका, दोन प्रती जास्त विकत घ्या. आणि ही पुस्तकं ‘दलित साहित्य’ नावाच्या वेगळ्या फळीवर असतील तर महिनाभर तरी तिथून काढून रमाबाई रानड्यांच्या शेजारी ठेवा. बेबीताई फलटणला छोटं दुकान चालवायच्या. माल बांधायला आलेल्या रद्दीतले कागद वाचायच्या आणि घरच्यांपासून लपवून लिहायच्या. रमाबाईंनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’मध्ये, शिकते म्हणून घरातल्या बायकांनी कसं छळलं ते लिहिलंय. दोन्ही पुस्तकं एकापाठोपाठ वाचलेल्या वाचकाशी गप्पा मारून बघा, मग फळी का बदलायची ते मी सांगायची गरज उरणार नाही.

आपल्या जिल्ह्याचं एक पुस्तक टेबलावर असायलाच हवं, ते म्हणजे वारली आदिवासींना संघटित करणाऱ्या गोदावरी परुळेकर यांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’. तलासरी, डहाणू हा भाग २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. तिथे तेव्हा वेठबिगार होती, आणि लग्नगडी होते, म्हणजे लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी सावकाराकडे राबणारे वारली. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिला वारली आले होते, आणि त्याच वर्षी वारल्यांचा उठाव झाला. टिटवाळा म्हटलं की आपल्याला फक्त महागणपती आठवतो! या पुस्तकातली पानं एखाद्या पुरुष सभासदाकडून वाचून घ्या. बाईने लिहिलेलं बाईनेच वाचावं असा काही कायदा नाही.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. छापलेली पुस्तकं संपतात तिथून बायकांचा बराचसा इतिहास सुरू होतो, आणि ठाणे-नवी मुंबईत तो हाकेच्या अंतरावर आहे. खारेगाव, कोपरी, घणसोली, कोपरखैरणे, कुठल्याही आगरी पाड्यात चौकशी करा, धवलारीण भेटेल. आगरी लग्नात धवले गाऊन विधी लावणारी ही बाई. भटजी असोत नसोत, तिच्याशिवाय लग्न लागत नसे. मराठीतली आद्य कवयित्री मानली जाते ती महानुभाव पंथातली महदंबा, तेराव्या शतकातली. तिच्याही नावावर ‘धवळे’च आहेत, लग्नाचीच गाणी. महदंबेचे धवळे ग्रंथालयातून काढा, धवलारणीला बोलवा आणि दोन्ही एका बैठकीत ऐका.

बोलवताना काही पथ्यं. घरी जाऊन आमंत्रण द्या, फोनवर नको. मानधन आधी ठरवा आणि पाकिटात द्या. वक्त्याला देता तेवढंच, एक रुपया कमी नाही. बहुतेक जणी एकट्या गात नाहीत, सोबतीणही लागते, तिचंही मानधन धरा. माइक हातात देऊ नका, समोर स्टँडवर ठेवा. आणि ‘लोककला सादरीकरण’ असं पत्रिकेत छापू नका, त्यांचं नाव, गाव आणि ‘धवलारीण’ एवढं पुरे. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करण्याआधी परवानगी मागा. सुरुवातीला तारीख, गाव आणि नाव त्यांच्याच तोंडून बोलून घ्या, नाहीतर दोन वर्षांनी ती फाइल कुणाची हे कुणाला सांगता येत नाही. गाणं झालं की विचारा, कुणाकडून शिकलात? पहिलं लग्न कुणाचं लावलंत? आता कोण शिकतंय? मध्ये बोलू नका. हे नीट कसं करायचं ते बघायचं असेल तर ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं १९८९ चं ‘आम्हीही इतिहास घडवला’ वाचा. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गाठून, बोलतं करून लिहिलेलं पुस्तक आहे ते.

मुद्रण कागदावर उतरवा, पाने शिवून घ्या आणि सरळ दाखल नोंदवहीत, म्हणजे ग्रंथालयात आलेलं प्रत्येक पुस्तक नोंदतात त्या वहीत, चढवा. दाखल क्रमांक पडला की ते ग्रंथालयाचं होतं, नाहीतर कार्यवाह बदलले की कपाटाच्या वर धूळ खातं. एक प्रत गाणाऱ्या बाईंच्या घरी पोचवा.

जमलं तर आपल्या सभासदांची जुनी रजिस्टरंही काढा. पहिली बाई कधी सभासद झाली, कुणाच्या नावावर? कितीतरी ठिकाणी ‘सौ.’ पुढे फक्त आडनाव सापडतं. त्या घरची नात अजून जवळपास राहत असेल तर आजीचं नाव विचारून शेजारी पेन्सिलीने लिहा. शाईने नको, मूळ नोंद तशीच राहू द्या.

शेवटचं, पण कार्यक्रमाआधीच करायचं काम. टेबलावरून नेलेल्या पुस्तकांची मुदत नेहमीचीच ठेवलीत तर ‘स्मृतिचित्रे’ अर्धं वाचून परत येईल. जाड पुस्तक आहे आणि घरात परीक्षा चालू असते. या पुस्तकांना एप्रिलअखेरपर्यंत मुदत आणि दंड माफ, असं कार्यवाहांकडून लेखी घ्या. तोंडी चालत नाही, खिडकीवर दुपारपाळीला दुसरी व्यक्ती असते आणि ती दंडाची पावती फाडून मोकळी होते.