चंपाषष्ठीचं भरीत
नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात थंडी लागली की भरताची वांगी घ्यावीत. अर्धा किलोचं एकच घ्या, पण आकाराच्या मानाने हलकं. जड वांग्यात बिया फार. सुरीने चार-पाच ठिकाणी टोचा, नाहीतर आत वाफ कोंडून फुटतं. तेलाचा हात लावून मंद निखाऱ्यावर, नसेल तर गॅसवर, फिरवत भाजा. आच मोठी ठेवली की साल करपते आणि देठाकडचा गर कच्चा राहतो. तिथे सुरी लोण्यासारखी शिरली पाहिजे. पाच मिनिटं झाकलं की साल अलगद सुटते. नळाखाली मुळीच सोलू नका, धुराचा सगळा वास वाहून जातो!

सहा हिरव्या मिरच्या, दहा लसूणपाकळ्या तेलावर परतून ठेचा. गर, मीठ, वाटीभर कांद्याची पात मिसळा. खंडोबाच्या नैवेद्याला कांदा-लसूण चालतोच. सोबत बाजरीची गरम भाकरी.