डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये रेस निवडताना या चुका टाळा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फासे टाकून खेळायच्या कथाखेळात नवीन कॅरेक्टर बनवायला बसलं की बहुतेक जण आधी आकडे बघतात. फायटर (लढवय्या) हवाय, मग स्ट्रेंग्थला +2 देणारी रेस (एल्फ, ड्वार्फ, ह्यूमन अशी जमात) घेतली की झालं! खेळाच्या पाचव्या आवृत्तीत गफलत होते ती इथेच.

सगळ्यात आधी डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) विचारा, नियम 2014 चे की 2024 चे? 2014 च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये अ‍ॅबिलिटीचे (स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी, कॉन्स्टिट्यूशन वगैरेंचे) वाढीव गुण रेसमधून मिळायचे. 2020 मध्ये ते हव्या त्या अ‍ॅबिलिटीकडे वळवायची मुभा मिळाली. 2024 मध्ये रेसला 'स्पीशीज' म्हणू लागले आणि गुण गेले बॅकग्राउंडकडे (कॅरेक्टरच्या पूर्वायुष्याकडे). जुना हाफ-एल्फ आणि नवं बॅकग्राउंड एकत्र घेताना दोन्हीकडचे गुण जोडू नका. जुन्या रेसचे सोडायचे, बॅकग्राउंडचे धरायचे.

मग हिशेबाची चूक, आणि ही फार जणांकडून होते. पॉइंट बायमध्ये (ठरावीक गुण खर्चून आकडे घ्यायच्या पद्धतीत) हातात 27 गुण असतात. 15 घ्यायला त्यातले 9 लागतात, 14 ला 7. आता 15 वर +2 लावा, 17 होतात, मॉडिफायर (फाशाच्या आकड्यात मिळवायची संख्या) +3. 14 वर +2 लावा, 16 होतात, मॉडिफायर तोच +3. दोन गुण जास्त गेले आणि फाशावर फरक शून्य. त्याच दोन गुणांत कॉन्स्टिट्यूशन 10 वरून 12 करता आलं असतं, म्हणजे दर लेव्हलला एक हिट पॉइंट (मार सोसायची ताकद) जास्त. हां, चौथ्या लेव्हलला +1 देणारं फीट (खास कसब) घेऊन 17 चे 18 करायचं आधीच ठरलं असेल, तर 15 जरूर घ्या.

जे क्लासकडून (फायटर, विझार्ड अशा पेशाकडून) मिळणारच आहे, ते रेसकडून पुन्हा घेऊ नका. 2014 च्या माउंटन ड्वार्फला हलकं आणि मध्यम चिलखत वापरता येतं. फायटरला त्याचा काय उपयोग? त्याला सगळीच चिलखतं चालतात. पण तोच ड्वार्फ विझार्ड करा. डेक्स्टेरिटी 14 असलेला साधा विझार्ड मेज आर्मर या मंत्रासाठी स्पेल स्लॉट (मंत्र टाकायची मोजकी संधी) खर्चून एसी (वार लागायला शत्रूने गाठायचा आकडा) 15 ला पोचतो. ड्वार्फ स्केल मेल (मध्यम चिलखत) चढवतो, एसी 16, आणि स्लॉट शिल्लक. लपताना डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोनदा फासा टाकून कमी आकडा धरायचा) येतो खरा, पण मला तो सौदा परवडतो.

रेसच्या प्रत्येक खास क्षमतेला विचारायचं, ही माझ्या टर्नमधलं (पाळीतलं) काय खाते? 2014 च्या ड्रॅगनबॉर्नचा श्वास अख्खी अ‍ॅक्शन (टर्नमधली मुख्य कृती) घेतो, 2d6 (सहा बाजूंच्या दोन फाशांइतकं) डॅमेज करतो आणि शॉर्ट रेस्टपर्यंत (तासाभराच्या विश्रांतीपर्यंत) संपतो. पाचव्या लेव्हलच्या फायटरला त्याच अ‍ॅक्शनमध्ये दोन वार मिळतात, ग्रेटसोर्डचा प्रत्येक वार 2d6 अधिक स्ट्रेंग्थचा. समोर एकटा ऑग्र असेल तर श्वास तोट्याचा; चार गॉब्लिन दाटीवाटीने उभे असतील तर बिनधास्त सोडा. 2024 मध्ये तो एका वाराच्या जागी वापरता येतो, त्यामुळे गणित बदललंय.

डार्कव्हिजनचंही (अंधारात दिसण्याच्या क्षमतेचंही) तसंच. आमच्या टेबलावर चौघांपैकी तिघांना होतं आणि एकटा ह्यूमन मशाल घेऊन चालत होता. तिचा लख्ख उजेड 20 फूट आणि मंद उजेड आणखी 20 फूट. गुहेतल्या पहारेकऱ्यांनी तो लांबूनच हेरला आणि बाकी तिघांच्या अंधारातल्या नजरेचा फायदा तिथेच बुडाला. शिवाय डार्कव्हिजन म्हणजे दिवसाची नजर नव्हे. गडद अंधार त्यात मंद उजेडासारखा दिसतो आणि डोळ्यांवर अवलंबून असलेल्या पर्सेप्शनला (काही हेरायला टाकलेल्या फाशाला) डिसअ‍ॅडव्हान्टेज लागतो. म्हणून रेस ठरवण्याआधी बाकीच्यांनी काय घेतलंय ते विचारून घ्या.

छोट्या रेसवाल्यांनी एक बघून घ्यावं. 2014 मध्ये हाफलिंगच्या हातात ग्रेटअ‍ॅक्स दिला, तर हल्ल्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज येतो. 2024 मध्ये आकाराची अट गेली, त्याऐवजी स्ट्रेंग्थ 13 लागते. आणि 2014 चा ड्राव (जमिनीखालच्या अंधारात राहणारा एल्फ) घ्यायचा मोह झाला, तर मोहीम कुठे घडणार ते आधी विचारा. थेट सूर्यप्रकाशात त्याच्या प्रत्येक हल्ल्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज असतो, आणि व्यापाऱ्यांच्या तांड्याची राखण दिवसाढवळ्याच करावी लागते.