सिडनीत आलात? मग रग्बी लीगचा कारभार समजून घ्या

हॅरिस पार्क किंवा वेस्टमीडला घर भाड्यानं घेतलं असेल, तर मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत ट्रेनमध्ये निळ्या-पिवळ्या जर्सीतली माणसं दिसणारच. ते पॅरामॅटा ईल्स या रग्बी लीग संघाचे चाहते. संघानं शेवटचं विजेतेपद 1986 साली मिळवलंय, तेव्हा ऑफिसात त्यांची चेष्टा करताना जरा जपून.

आधी एक गोंधळ मिटवा. रग्बी लीग आणि रग्बी युनियन हे वेगळे खेळ आहेत. लीगमध्ये संघात 13 खेळाडू, युनियनमध्ये 15. मुंबईत जिमखान्यावर पाहिली असेल ती युनियन. तिचा कारभार रग्बी ऑस्ट्रेलियाकडे. लीगचा ऑस्ट्रेलियन रग्बी लीग कमिशनकडे. टीव्हीवर दिसणारी एनआरएल (नॅशनल रग्बी लीग) स्पर्धा याच कमिशनची.

कमिशन तसं नवंच, 2012 सालचं. त्यामागचं भांडण मात्र जुनं. 1995 मध्ये माध्यमसम्राट रूपर्ट मर्डॉकच्या न्यूज लिमिटेड कंपनीनं सुपर लीग नावाची वेगळी चूल मांडायचं ठरवलं. खेळाडूंची पळवापळवी झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि 1997 ला देशात एकाच वेळी दोन स्पर्धा चालल्या. समेटातून 1998 मध्ये एनआरएल आली, पण निम्मा वाटा न्यूज लिमिटेडकडेच राहिला. मेलबर्न स्टॉर्म हा संघही तेव्हा त्याच कंपनीचा होता. 2010 मध्ये याच स्टॉर्मनं ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पैसे खेळाडूंना दिल्याचं उघडकीस आलं आणि 2007 व 2009 ची विजेतेपदं काढून घेतली गेली. स्पर्धेत भागीदार असलेल्या कंपनीचाच संघ पकडला गेला! दोन वर्षांनी कंपनीनं स्पर्धेतून अंग काढून घेतलं आणि सूत्रं स्वतंत्र कमिशनकडे आली.

बीसीसीआयमध्ये राज्य संघटनांतली माणसं वर चढतात. इथं क्लब आणि न्यू साउथ वेल्स, क्वीन्सलँड या राज्यांच्या संघटना सदस्य आहेत, पण कमिशनर क्लबांच्या बाहेरचे असावेत अशी कल्पना. म्हणून राजकारण नाही असं समजू नका. 2019 पासूनचे अध्यक्ष पीटर व्ह्लँडिस राज्यातल्या घोड्यांच्या शर्यतींचेही सर्वेसर्वा. कोविडमध्ये मे 2020 अखेरीस त्यांनी स्पर्धा पुन्हा सुरू करून दाखवली. माणूस धडाडीचा, पण सगळं एकाच्या मुठीत असावं का, हा प्रश्न मला पडतोच.

मुलांना खेळवायचं असेल तर कमिशनकडे जायची गरज नाही. जवळचा ज्युनियर क्लब शोधा, नोंदणी ऑनलाइन होते. आदळआपटीची धास्ती वाटत असेल तर टॅग किंवा टच विचारा. कमरेची पट्टी ओढली किंवा नुसता हात लावला की भागतं. शनिवारी सकाळी मैदानावर सॉसेज भाजायला किंवा पाण्याच्या बाटल्या न्यायला पालकांची गरज असते. हो म्हणा, ओळखी तिथंच होतात. मुलांबरोबर नियमित काम करणार असाल तर त्यासाठीची सरकारी तपासणी करून तिचा क्रमांक घ्यावा लागेल का, ते क्लबला आधीच विचारा.

आणि या खेळाशी जोडलेले लीग्ज क्लब म्हणजे नुसतं क्रीडा कार्यालय नव्हे. दारात ओळखपत्र दाखवून नाव नोंदवायचं, आत जेवण, बार, मोठा पडदा. तिथल्या पोकर मशीनच्या, म्हणजे जुगाराच्या यंत्रांच्या, कमाईवर या खेळाचं बरंच काही उभं आहे. जेवा, मॅच बघा, मशीनच्या खोलीकडे फिरकू नका.