परातीतलं भातखाचर

आषाढात गावाकडे लावणीची घाई असते आणि शहरातलं दोन वर्षांचं पोर खिडकीच्या गजाला धरून पाऊस बघत असतं. त्याला चिखल हवाच असतो. पण आवारातल्या डबक्याचा चिखल या दिवसांत देऊ नका. त्यात उंदरांचं मूत मिसळलेलं असू शकतं, आणि लेप्टोस्पायरोसिसचे जंतू साध्या ओरखड्यातूनही अंगात शिरतात. त्यापेक्षा चिखल गॅसवर शिजवा, नाचणीचा. रंग लाल-तपकिरी येतो, स्पर्श खऱ्या गाळासारखा लागतो आणि चार बोटं चाटली तरी काही बिघडत नाही. हा चिखल परातीत घालून मुलाला त्यात भातलावणीचा खेळ खेळू द्यायचा.

तयारी दहा-बारा दिवस आधी सुरू होते, कारण रोपं लागतात. भाताचा तरवा, म्हणजे लावणीची रोपं, तयार व्हायला तीन आठवडे जातात. म्हणून गहू घ्या, तो लवकर उगवतो. मूठभर गहू रात्रभर भिजवा, दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यात बांधून ठेवा. मोड आले की पसरट डब्यात दोन बोटं कोकोपीट घालून त्यावर पेरा. कापसावर पेरू नका, मुळं त्यात अशी गुंततात की उपटताना रोपंच तुटतात. डब्याला तळाशी भोकं हवीत; पाणी साचलं आणि गहू दाट पडला की पावसाळी हवेत तिसऱ्या दिवशीच बुरशी धरते. आठ-दहा दिवसांत वीतभराच्या जरा आत उंची येते, तेवढी पुरे. विसरलात तर कोथिंबिरीच्या किंवा मेथीच्या काड्यांवरही काम भागतं.

३५ सेंमीच्या परातीला सगळं मिळून अर्धा किलो नाचणीचं पीठ पुरतं. परातीच्या मधोमध बांध घालायचा: एका बाजूला खाचर, दुसऱ्या बाजूला पाणी. पूर्ण परात भरायला गेलात तर चिखल पातळ थरात पसरतो आणि रोपं उभी राहत नाहीत.

बांधासाठी मोदकाची काढतो तशी उकड काढा. दोन वाट्या पाणी उकळलं की दोन वाट्या पीठ घालून ढवळा, झाकण ठेवून मंद आचेवर तीन-चार मिनिटं वाफ द्या, कोमट झाल्यावर मळा. तीन बोटं उंच लांबट वळकटी करून परातीत दाबून बसवा. कडेच्या फटी ओल्या बोटाने बुजवा, नाहीतर पाणी खाचरात झिरपतं.

चिखलाला दोन वाट्या पीठ आणि आठ वाट्या पाणी. पीठ आधी दोन वाट्या गार पाण्यात कालवून घ्या आणि मग उरलेल्या उकळत्या पाण्यात ओता. कोरडं पीठ थेट टाकलं की गुठळ्या ठरलेल्या. बुडबुडे यायला लागल्यापासून पाच-सात मिनिटं ढवळत शिजवा. शिजवणं टाळू नका. कच्चं पीठ पाण्याखाली जाऊन घट्ट बसतं, वर नुसतं गढूळ पाणी राहतं. शिवाय कच्चं पीठ पोटात जाऊ नये. शिजलं की तेच पीठ पाणी धरून ठेवतं.

गॅस बंद करताना मिश्रण पिठल्यापेक्षा पातळ दिसायला हवं, कारण निवताना ते आळतं. निवल्यावर वरची साय मोडून घ्या. आता बोटाने एक रेघ ओढा. ती तशीच राहिली तर चिखल घट्ट आहे, थोडं कोमट पाणी घाला. लगेच मिटली तर पातळ आहे, चमचाभर भाजलेलं नाचणीचं पीठ मिसळा. हळूहळू मिटली की जमलं, बांधाच्या एका बाजूला ओता. मीठ घालू नका, नखुरडं असेल तर झोंबतं. साखर-गूळही नको, मुंग्या येतात.

आधी चिखलणी, मग लावणी. पहिली पाच मिनिटं मुलाला दोन्ही हात कोपरापर्यंत खुपसू द्या. मग रोपं द्या, एका चुडात (जुडीत) दोन-तीन. मुळाशी तीन बोटांनी धरायचं आणि अंगठ्याने चिखलात रोवायचं. लांबच्या कडेपासून सुरुवात करून आपल्याकडे येत जायचं. शेतात लावणी करणारे मागे मागे सरकतात त्याचं कारणही हेच, लावलेलं तुडवलं जाऊ नये. मूल तीनच्या आतलं असेल तर गव्हाचा दाणा कापून नुसती पात द्या, दाणा घशात अडकू शकतो. त्याच कारणाने परातीत खडे, राजमा, वाटाणे नकोत. पाण्यात फुगणारे रंगीत मणी तर घरातच नकोत. पोटात गेले की आतड्यात फुगून अडकतात.

पावसासाठी लहान बाटलीच्या झाकणाला तापवलेल्या दाभणाने सहा-सात भोकं पाडा. एका वेळी एकच बाटली भरून द्या, नाहीतर दहा मिनिटांत खाचराचं तळं होतं. परातीतलं पाणी बोटभर असलं तरी मुलाला तिथे एकटं सोडून उठायचं नाही, दारावरची बेल वाजली तरी.

काही मुलं चिखलाला हातच लावत नाहीत. हात धरून बुडवू नका, त्या दिवसापुरता खेळ तिथेच संपतो. चिखल कोमट करून बघा, चमचा द्या, शेजारी पाण्याचा वाडगा आणि पंचा ठेवा. हात केव्हाही धुता येतो हे कळलं की बोट आपोआप पुढे येतं.

दोन-तीन तासांनी चिखल टाकून द्या. पावसाळ्यात तो आंबतो, फ्रिजमध्ये ठेवून उद्या परत वापरायचा नाही. मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो. खरवडून ओल्या कचऱ्यात टाका. कुंडीत घातलात तर बुरशी आणि मुंग्या दोन्ही येतात. कपड्यांवर वाळलेला चिखल म्हणजे सरळ खळच, घासून निघत नाही. अर्धा तास गार पाण्यात भिजवा, मग चोळा. फरशीही लगेच पुसा, नाचणीची पेज तेलाइतकीच निसरडी असते.